देवाची पडकई

(आहुप्याजवळच्या एका वाडीतली भातखाचरं. वैशाखातली उन्हं कलली आहेत.)

साळुबाई : ते सगळं खरं भाऊजी. पण माझ्या बांधावर कोण आलं व्हतं, तेवढं सांगा.

संपत : कुणीच न्हाई, वहिनी?

साळुबाई : पहार न्हाई, पाटी न्हाई, पाऊलसुद्धा उमटलं न्हाई. बांधाचं खिंडार सकाळी व्हतं तसंच हाय. गेल्या साली ह्यातनंच पाणी गेलं आन् भात वाळलं. आता पुन्हा पाऊस तोंडावर आलाय.

संपत : तुमी व्हता कुठं दिसभर?

साळुबाई : हितंच वर, हौशीरामच्या खाचरात. दगड वाहत व्हते. देवराईत सगळ्यांना बसवून तुमीच सांगितलं ना? आपल्या बांधाला आपण हात लावायचा न्हाई, दुसऱ्याच्या जायचं, मागं वळून बघायचं न्हाई. न्हाई बघितलं मी.

संपत : बराबर सांगितलं व्हतं. टाळ न्हाई, वर्गणी न्हाई, एकमेकांसाठी राबायचं, हीच आपली पूजा. सगळी वाडी एका देवाची, मग पाळी कसली लावायची?

साळुबाई : जुन्या पडकईत पाळी व्हती तेच बरं व्हतं. आज एकाच्या खाचरात सगळी वाडी, उद्या दुसऱ्याच्या. ज्याचं खाचर तो दावायचा बांध कुठं घालायचा ते. कालवण-भाकरी त्याच्या घरची.

संपत : त्यात 'ज्याचं' आलं ना, वहिनी! तेच काढायचं व्हतं. देव ज्याला जिथं नेईल तिथं त्यानं जायचं.

साळुबाई : मग देवानं निम्मी वाडी हौशीरामकडं नेली. तिथं आंब्याची सावली हाय.

हौशीराम : नाना! ओ संपतनाना! माझ्या खाचरात मधोमध बांध कुणी घातला?

संपत : हळू बोल, हौशीराम. देवाचं काम हाय ते.

हौशीराम : देवाला बैल वळवायचं नसत्यात, नाना! एका खाचराची दोन झाली. नांगर काय डोक्यावर घेऊन फिरू?

साळुबाई : मलाबी वाटलं, हितं बांध कशाला? पण इचारायचं कुणाला? मालक जाग्यावर न्हाई.

हौशीराम : मालक कुशाबाच्या खाचरात, काकी! नियम ना! तिथं कुशाबा न्हाई, मग मीबी अंदाजानंच खणलं. आता तो काठी घेऊन मला हुडकत असंल.

संपत : लई इचार करून काढलं व्हतं मी हे. माणसं तर सगळी आली. कामंबी झाली. मग चुकलं कुठं?

साळुबाई : तुमी कुणाकडं गेला व्हता, भाऊजी?

संपत : मी... सगळीकडं फिरत व्हतो. बघत.

साळुबाई : मग माझं खिंडार न्हाई दिसलं?

संपत : दिसलं. वाटलं, एकट्या बाईचं खाचर, आधी तिथंच जातील लोकं.

हौशीराम : मलाबी तसंच वाटलं, काकी.

साळुबाई : सगळ्यांनाच तसं वाटलं असंल.

हौशीराम : ते ऱ्हाऊ द्या. मी हा बांध आत्ता पाडतो बघा.

संपत : आपल्या खाचराला हात लावायचा न्हाई. देवापुढं कबूल केलंय सगळ्यांनी. तूबी.

हौशीराम : मग काय, बैल ह्यावरनं उड्या मारत्याल?

साळुबाई : मी पाडते. मला ते दुसऱ्याचंच हाय.

हौशीराम : तुमी?

साळुबाई : दगड चांगलं हायेत, मीच निवडून आणलेत. तू खाली माझ्या खिंडारात उभा ऱ्हा. तुला ते दुसऱ्याचं.

हौशीराम : हां! पण काकी, किती उंच रचायचं, कुठनं वळवायचं, मला काय ठावं?

साळुबाई : मी वरनं सांगते. तोंडानं सांगायला बंदी न्हाई ना, भाऊजी?

संपत : तसं... तसं काय ठरलं न्हाई.

हौशीराम : आन् नानांनी काय करायचं? बघतच बसायचं?

साळुबाई : भाऊजी, तुमी मधी या. मी देईन तो दगड खाली ह्याच्याकडं द्यायचा.

संपत : देतो. पण वहिनी, मला समजंना झालंय. अशानं नियम मोडला का पाळला?

साळुबाई : धरा आधी. जड हाय.