डोंगरावरची मटकी

सिडकोतल्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर एक काका-काकू हृदयाच्या रिपोर्टची वाट बघत बसले होते. विषय रात्रीच्या मालिकेचा; काका तिच्यावर वैतागलेले.

“काय भंगार भाग होता कालचा! ते अवकाशयान म्हणजे आपल्या वाळूजच्या कंपनीतली पाण्याची टाकी.”

“सुरुवात भारी होती पण. तो बाबा म्हणतो, पुनवेला जग बुडणार, अन् सगळे भक्त घरदार सोडून डोंगरावर त्या यानाची वाट बघत बसतेत.”

“व्हय, तिथवर मीबी जागचा हाललो नाय. मग त्या म्हातारीनं सगळा इचका केला.”

“कोणत्या?”

“भक्तातलीच की. पुनव उद्यावर आलेली, अन् ही मटकी भिजू घालती! मोड कवा येणार, उसळ कोण खाणार?”

“मला तेवढंच खरं वाटलं.”

“ते कसं काय?”

“तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर म्हणले, भरवसा देता येत नाय. मी डबा आणायला घरी गेले अन् मटकी भिजू घातली.”

“कशापायी?”

“तुम्हाला आवडती म्हणून.”

“हे तू कधी बोलली नाय.”

“तुम्ही डोळे उघडले. मग बोलायचं काय राहिलं?”

“अन् ती उसळ?”

“सगळ्या वॉर्डाला पेढ्यासारखी वाटली.”

“तुझे लई उपकार हायेत, शशिकला.”

“गप बसा. लोक ऐकतेत.”

सिस्टरनं नाव पुकारलं. काका उठले अन् पुन्हा बसले.

“आज निघताना घातली का भिजू?”

“घातली की.”

“मग चल. परवा जरा झणझणीत कर.”