सात मिनिटांची तालीम

सात मिनिटं! चारशे बारा पानांची कादंबरी, आन् सिनेमा केवढा? सात मिनिटं! आवं, आमच्या घरात चहाला उकळी फुटायला ह्याच्यापेक्षा जास्त येळ लागतोय! त्यात पहिलं दीड मिनिट नुसतं आभार. कुणाकुणाचं? आमचं सोडून समद्यांचं!

तुम्हाला सांगतो पावणं, मी कादंबरीवाल्याचा पोरगा. आमचं आण्णा, गणपतराव मास्तर, वय शहाऐंशी. जन्मात एकच कादंबरी लिवली, ती बी थोरल्या भावावर. केरबादादा, पैलवान! आण्णा नऊ वर्साचं आसताना दादा पहाटं तालमीत गेला, सरावात मान मोडली, खेळ खलास. तेच पुस्तकाचं शेवटचं वाक्य… "दादा तालमीला गेला, तो आलाच न्हाय." आता त्या पुस्तकाला क्लासिक म्हणत्यात. क्लासिक म्हंजे काय? नमस्कार समदी करत्यात, वाचत कुणी न्हाय!

आन् दादाचा एक फोटू न्हाय घरात. एक! म्हणून पुण्याचा ऋतुराज आला, "काका, आम्ही यावर अ‍ॅनिमेशन शॉर्टफिल्म करतोय," म्हणाला, तवा आण्णांनी कागद न वाचताच सही ठोकली. मला म्हणालं, "धैर्या, मरायच्या आदी दादाला एकदा हालता-चालता बघीन रं." मग चार तास बसून त्या पोराला सांगितलं… छाती कशी, चाल कशी, डावा कान कसा मोडलेला. ह्यो आपला, "डोन्ट वरी काका, आम्ही एसेन्स घेणार." इसेन्स? आवं, बासुंदी हाय का ती?

हां, तर सात मिनिटं. सिनेमाचा पहिला खेळ, पहिल्या रांगंत आण्णा, फेटा बांधून! दिवं गेलं. पडद्यावर पहाट, चुलीचा धूर, दादा निघाला तालमीला. मी आण्णांचा हात धरला. दार उघडलं… आन् आत काय आसावं? लाल माती? मुदगल? पेटी-तबला!! दादा तोंडाला पावडर लावून उभा, आन् म्होरं एक टकला वरडतोय, "केरबा, तिसरा प्रवेश! पुन्हा एकदा, भावना ओता भावना!"

मला कळंना काय चाललंय! मागनं कळलं. चारशे पानं वाचायला येळ कुणाला? कुणीतरी इंग्रजीत सारांश काढला, त्यात तालमीचं केलं 'रिहर्सल'! नाटकाची तालीम! आवं, कोल्हापुरातलं शेंबडं पोर बी सांगंल तालीम म्हंजे काय! ज्या मांडीवर दादा शड्डू ठोकायचा, त्या मांडीवर ताल धरून बसलेला! शेवटाला टाळ्या, हार, आन् दादा शीळ घालत घरी. दार वाजवतोय, धाकट्या भावाला म्हणतोय, "चल, जेवू." संपलं! ऋतुराज माझ्या कानात, "एंडिंग थोडं पॉझिटिव्ह केलंय हं. मरण फार डार्क व्हायला लागलं होतं."

पॉझिटिव्ह! माझं डोस्कं सणकलं. तिथंच कॉलर धरली त्येची. "तालीम ही? ही?" पोरगं पांढरंफटक. "सॉरी सर, दोन दिवसांत करेक्शन करतो! आखाडा टाकतो, ओरिजिनल एंडिंग टाकतो!"

"टाक! आत्ताच्या आत्ता लिवून दे!"

तवर आण्णांचा हात माझ्या खांद्यावर. डोळं भरलेलं. "सोड त्येला."

"आण्णा, आवं समदं चुकीचं हाय! त्यो आपला दादा तरी हाय का?"

"न्हाय रं. कान बी सरळच काढलाय. पर नाटकाच्या तालमीला गेला आसता, तर घरी आला आसता की रं." आन् ऋतुराजला हात जोडून म्हणालं, "दुरुस्ती करू नका पावणं. सत्याहत्तर वर्सांनी आलाय, आत्ताच जेवाय बसलाय."

सोडली कॉलर. काय करतो?

तवापास्नं रोज सकाळी आण्णा मोबाईल म्होरं करत्यात, "लाव." मी लावतो. चुकीची तालीम, चुकीचा कान, कुठला कोण दादा… दार वाजतं, "चल, जेवू," आन् संपतंय. आण्णा म्हणत्यात, "परत लाव." मी परत लावतो… आवं, लेकाच्यांनी सातच मिनिटं केलीत!