पोतंभर साल

काय सांगू तुमाला, बापानं वीतभर साल मागितली आन् म्या पोतं भरून आणली, माझी हुशारी हितनंच धरा. पवना नदीच्या अंगाला, कामशेतास्नं वर आमची वाडी. वाडीत कुणाचं पोट बिघडलं, आव पडली, की माणसं आबांकडं यायची. आबा म्हंजी माझा बाप. घरामागं कुड्याचं झाड व्हतं, त्याची साल ताकात उगाळून द्यायचे.

पण त्या माणसानं झाडाला एकदम कोयता कदी लावला न्हाई. आदल्या सांजंला बुंध्यापाशी चिमूटभर तांदूळ ठिवायचे, उद्या येतो, रागावू नगंस म्हणायचे, आन् सकाळी उगवतीच्या अंगाची चार बोटं साल काढून जखमंवर शेणमाती लिपायचे. मी हसायचो. लोणावळ्यात एका बंगल्यावर माळी हाय ना मी, शेठच्या गुलाबाला विलायती खत घालणारा. म्हणायचो, आबा, झाडाला काय कान हायत का? आबा म्हणायचे, तुला तरी कुटं हायत?

तर एका पावसाळ्यात आबांनाच हगवण लागली. डोळं आत गेलं, उठवंना. म्हणले, जा रं, वीतभर साल आण. माझं काळीज ठिकाणावर न्हाई, वीतभरानं काय व्हतंय, जास्त आणली तर लवकर उठतील, आसं धरून गेलो आन् बुंधा कमरंएवढ्या उंचीवर चारी बाजूंनी गोल सोलला, पोतं भरलं तवाच थांबलो. पोतं बघून आबांनी निसतं विचारलं, चौफेर? मी म्हणलं, व्हय. त्यांनी डोळं मिटलं. साल प्याले, कामशेतला नेऊन सलाईनबी लावली, आबा उठून बसले. झाड मातर उभ्यानं वाळलं, दिवाळीपतुर खराटा झाला. चौफेर सोललेलं झाड जगत न्हाई, हे माळ्याला ठावं नगं?

आबांनी शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं. पण न्हाई. रोज सकाळी कळशी घेऊन जायचे, त्या वाळक्या बुंध्याला पाणी घालायचे. कुणी औषधाला आलं की म्हणायचे, झाड न्हाई राहिलं बाबा, डाक्टरकडं जा. माझं नाव कदी काढलं न्हाई. मला बघवंना. मी आबा उठायच्या आत घर सोडायला लागलो, शेठनं लवकर बोलावलंय म्हणायचो, बंगला काय पळून चालला व्हता? सांच्याला आबा कायतरी सांगायला तोंड उघडायचे, आन् मी गाईला वैरण टाकायला उठायचो. गाईनं त्या वर्षी लय खाल्लं.

पौषात आबा गेले. त्यानंतरबी मी घरामागं फिरकलो न्हाई. औंदा पावसाच्या तोंडाला सरपण नव्हतं, म्हणून कोयता घेऊन गेलो, तर सोललेल्या जागंच्या खालनं हातभर वाढलेले दोन फुटवे, हिरवेगार. कोयता बाजूला ठिवला, तितंच बसलो. मग घरी आलो, बायकोला म्हणलं, आगं, मुळी जित्ती हाय, आबांनी हे बघायला पायजे व्हतं.

ती भाकरी थापत व्हती. वर न बघता म्हणली, त्यांनी बघितलं व्हतं. पयला कोंब आला तवा मला हात धरून दाखवायला नेलं व्हतं. तुमाला सांगायला रोज सांच्याला तोंड उघडायचे, पण तुमाला गाईचं लय व्हतं.