दर्यानं गिळलेला नारळ

बाळांनो, पुढे या, सतरंजीवर जागा आहे. मागे खांबाला टेकलेल्या मोठ्या मंडळींनी टेकूनच ऐकावं. फक्त घोरू नये, माझा सूर बिघडतो!

आता डोळे मिटा. समजा, तुमची एक होडी आहे. समोर अफाट दर्या. जाळं टाकलं, मासे आले, बाजारात दिले, आणि थैलीत कवड्या पडल्या — खळ्ळ! तुमच्याही, शेजाऱ्याच्याही. मग सांगा, सगळ्यांच्याच थैल्या भरल्या म्हणजे सगळेच श्रीमंत झाले का?

कोण म्हणालं "हो"? शाब्बास, बोललास तरी! ऐक आता.

हे बंदर आहे मोबाइलमधलं. खेळाचं नाव 'सोनबंदर'. हसू नका, आजोबा! तुमचा नातू रोज तिथेच असतो, आणि तुम्हाला वाटतं अभ्यास चाललाय!

तर अलिबागची शाल्मली, सातवीतली. तिची जिवाची मैत्रीण जुई. जुईच्या बाबांची बदली झाली, ती थेट नागपूरला! दोघी रड रड रडल्या आणि ठरवलं — रोज संध्याकाळी सोनबंदरात भेटायचं. शाल्मली तिथली जुनी. जुई नवी, हातात फक्त गळ. ती जाळं घ्यायला बाजारात गेली आणि तशीच परत आली.

"शालू, केवढं महाग गं! वर्षभर गळ टाकत बसले तरी जाळं येणार नाही."

"थांब ना, मी देते कवड्या."

"नको. दर वेळी तुझ्यापुढे हात पसरायचा? रविवारपर्यंत बघते. मग खेळ काढून टाकणार."

मंडळी, मैत्रीण निघाली! पुन्हा निघाली! का? जाळं तेच, दोरा तोच. मग भाव का चढला?

घरची मोरी डोळ्यांपुढे आणा. नळ चालू आहे. सोनबंदरात प्रत्येक मासळीमागे बाजार नव्या कवड्या देतो. कुणाच्या खिशातून नाही, हवेतून! हा झाला नळ. आणि पाणी जायची वाट? तीही होती. नारळी पौर्णिमेला आपले कोळी बांधव दर्याला नारळ देतात ना? तसा तिथे दर पौर्णिमेला प्रत्येकानं सोन्याचा नारळ विकत घेऊन दर्यात सोडायचा. त्या कवड्या कुणालाच मिळत नसत. गेल्या त्या गेल्या!

पण खेळाडू कुरकुरले — "आमच्या कष्टाच्या कवड्या पाण्यात?" खेळ बनवणारे रणदिवेकाका मनानं मऊ. म्हणाले, "बरं बाबांनो, नारळ फुकट!" टाळ्या! जयजयकार! अहो, मोरीचं भोक बुजवलं आणि वर टाळ्या वाजवल्या! पाणी घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं. ज्याच्या त्याच्या हाती कवड्याच कवड्या. मग जाळं विकणारा खेळाडू मूठभर कशाला घेईल? तो पोतं मागणार! जुन्यांकडे पोती होती. जुईकडे गळ होता.

शाल्मलीनं रणदिवेकाकांना कळवलं, "नारळ पुन्हा विकत द्या."

ते म्हणाले, "बाळ, पटतं गं. पण सक्ती केली तर लोक चिडतील. दुकानात ठेवतो. ज्याला हवा त्यानं, हव्या त्या किमतीला घ्यावा."

रविवारी सोनबंदराच्या धक्क्यावर सभा भरली. शाल्मलीनं सगळ्यांना विनवलं, "आपण होऊन नारळ घ्या आणि दर्यात सोडा, म्हणजे जादा कवड्या जातील, भाव उतरेल." तिथे एक मोठा खेळाडू, नाव दर्यासम्राट! घरी बायकोनं पाण्याची बाटली भरायला सांगितली तर उठत नाही, पण इथे सम्राट!

तो म्हणाला, "ए पोरी, पाण्यात कशाला? आमच्या टोळीच्या तिजोरीत टाका सगळ्या कवड्या."

"काका, तिजोरीतून त्या उद्या बाजारातच येणार. हात बदलून काय उपयोग? कुणाच्याच हाती लागायला नकोत."

"मोठी आली शिकवणारी! तू गलबतासाठी दोन वर्षं साठवतेयस ना? मग टाक की तुझ्या!"

सगळं बंदर हसलं. धक्क्याच्या पायरीवर जुई गळ टाकून बसली होती.

मंडळी, हसलो असतो की नाही आपण? आपल्या इमारतीत टाकी भरून वाहते, आणि आपण काय म्हणतो? "वरच्या मजल्यावरच्यांना आधी बंद करू दे!" प्रत्येकाला आपली बादली भरलेली हवी, आणि सगळ्यांच्या घरात पाणी शिरलं की ओरडायलाही आपणच पुढे! बाळा, तू "हो" म्हणालास ना? तुझी थैली भरली आणि जुई परत गेली, तर तू कोणाला दाखवणार ती थैली?

शाल्मलीनं दुकानातून नारळ घेतला. किंमत? थैलीत होतं तेवढं सगळं. गलबताची शिडं, डोलकाठी, सगळं त्या एका नारळात! धक्क्याच्या टोकाला गेली आणि दिला सोडून. डुबुक!

भाव उतरला का? तसूभरही नाही! एका पोरीच्या थैलीनं एवढा बाजार उतरतो होय?

दर्यासम्राट म्हणाला, "झालं समाधान? आता काय करशील, रिकाम्या हातानं?"

शाल्मली पायरीपाशी आली. जुईला म्हणाली, "सरक जरा." शेजारी बसून तिनं आपला पहिल्या दिवशीचा गळ पाण्यात सोडला, आणि सगळ्या बंदराला दिसेल असं लिहिलं —

"माझा टाकून झाला. पुढचा नारळ कुणाचा?"