साचेकाकांचा बिघडलेला फोम

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे आमचे मुख्य डिझाइनर आणि मॅनेजरसाहेब, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, वर्कशॉपमधली सगळी मंडळी, आणि आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती साचेकाका,

मी या संघाची ड्रायव्हर. गाडीत बसून कितीही वेगाने जायला सांगा. माइकसमोर मात्र माझं इंजिनच सुरू होत नाही.

उघड्या चाकांची आपली फॉर्म्युला गाडी आतून किती अरुंद असते, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. तिच्यात विकतची सीट चालत नाही. ड्रायव्हरने गाडीत प्लास्टिकच्या पिशवीवर बसायचं, काका पिशवीत फोम ओततात, तो फुगतो आणि पाठीच्या आकाराने घट्ट होतो. तोवर हलायचं नाही. आणि नेमके तेव्हाच काका विनोद सांगणार! हा छळ नव्हे तर काय?

गेल्या वर्षी माझा अपघात झाला. गाडीच्या नाकाचा चुरा झाला, मी वाचले. मला वाचवून स्वतः चुरा व्हावं असंच ते नाक डिझाइनरसाहेबांनी आखलं होतं. त्यांचे उपकार कसे फेडू? हाडं जुळली, भीती काही जाईना. नव्या गाडीच्या सीटसाठी बसले, तेव्हा शर्यती सोडायचं मनात जवळजवळ पक्कं झालं होतं.

काकांनी सीट बाहेर काढली, न्याहाळली आणि म्हणाले, "फोम बिघडला गं पोरी. उद्या ये." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. मॅनेजरसाहेब, तुम्ही त्यांच्यावर किती उखडला होतात, आठवतं ना? शेवटी एकदा काकांच्या विनोदावर हसू दाबता दाबता मी ताठ झाले, आणि सीट जमली. त्याच सीटवर मी वर्षभर शर्यती केल्या.

परवा काकूंनी गुपित फोडलं. फोम कधी बिघडलाच नव्हता. काका घरी म्हणाले होते, "पोर खांदे पाडून बसते. तशीच सीट केली, तर ती वर्षभर घाबरूनच बसेल."

काका, माझा तुमच्यावर फार जीव आहे. एरवी हे सांगायचं राहूनच गेलं असतं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर घरची मुलगी म्हणून पोटात घाला.

आणि हो, भेट. काकांच्या घरासाठी त्यांच्याच पाठीच्या मापाची खुर्ची द्यायचं ठरलं होतं. आज सकाळी त्यांना बळेबळे पिशवीवर बसवलं, फोम मी ओतला. पण साचा बाहेर काढून पाहते, तर दोन्ही खांदे पडलेले.

काका, फोम बिघडला. उद्या या.