जाळीतल्या बाईचा डाव

ऐका. जरा सरकून बसा, दाराकडे पाठ करून मला बसवत नाही.

कुंदाआत्या, माझ्या बाबांची धाकटी बहीण. सासरी तिनं परसात करवंदीचं रोप लावलं. रोज पाणी, रोज शेणखत. झुडूप हिरवंगार झालं, पण फुलेना. शेजारची बायजाकाकू म्हणाली, “म्हशीएवढं पाणी पाजतेस त्याला. करवंद काय पाहुणा आहे? उन्हात उपाशी ठेव. आणि सड्यावर, त्या उघड्या कातळावर, रानकरवंदीची जाळी आहे ना, तिच्याखालची माती आणून घाल मुळाशी.”

दिवसा सवड कुठली? तान्ही लेक झोपली, सासूबाईंपाशी ठेवली, आणि आत्या टोपली घेऊन निघाली. तोवर अंधार पडलेला. चंद्र नाही, नुसत्या चांदण्या. कातळ अजून ऊन होता. फळांचे दिवस, तरी जाळीला फुलांचा वास येत होता. आत्या माती उकरायला बसली.

आतून हळूच कुणी विचारलं, “कोंबडा की कोंबडी?”

आपणही खेळतो ना? करवंद चावायचं. आत लाल तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी. आत्याला वाटलं, वाडीतलीच कुणी असेल. म्हणाली, “कोंबडा.” तळहातावर करवंद पडलं. तिनं चावलं.

“हरलीस. कोंबडी निघाली.”

आणि आत्याचं माहेर गेलं. गावाचं नाव, दार, माणसं, सगळं मनातून विरघळलं. भीती वाटलीच नाही म्हणे. गोड वाटलं. मला त्याचीच भीती वाटते.

पुन्हा करवंद. “कोंबडी,” आत्या म्हणाली. “हरलीस.” नवऱ्याचा चेहरा पुसला गेला. काट्यांनी पदर धरला, अगदी हळू, बस गं म्हणावं तसा. पुन्हा करवंद, पुन्हा हरली. आता काटे केसांत. घरी आपलं कोण आहे, हेच तिला सांगता येईना. बसावंसं वाटत होतं. बसलीच असती.

तेवढ्यात चोळी ओली झाली. पान्हा फुटला होता. नाव आठवेना, पण कुणीतरी भुकेलं आहे एवढं कळलं. आणि भान आलं.

“अगं बाई,” आत्या म्हणाली, “या काळोखात तुला आतला रंग दिसला कसा?”

आणि तीच पुढे म्हणाली,

“चल माझ्या घरी. दिव्याखाली बघू.”

काटे ढिले पडले. आत्या उठून पळाली. अर्धा पदर तिथंच, टोपली तिथंच. मागून आवाज येतच होता, कोंबडा की कोंबडी, कोंबडा की कोंबडी. तिनं उत्तर दिलं नाही. पोरीच्या रडण्याच्या रोखानं घर सापडलं.

पोरीला पाजलं तसं तिचं नाव आठवलं. मग नवऱ्याचा चेहरा. झुडपाचं पाणी तोडलं, ते पुढच्या वैशाखात लगडलं, सड्याच्या मातीशिवायच.

माहेर मात्र आलं नाही. परवा शिमग्याला काका, म्हणजे आत्याचे यजमान, तिला घेऊन आले होते. इथंच पडवीत बसली, पाहुण्यासारखी. पाणी प्यायली आणि बाबांना म्हणाली, “तुम्हाला बहीण आहे का हो?”

बाबा म्हणाले, “आहे. लांब दिली.”

म्हणून सांगते, दिवे लागल्यावर सड्याच्या वाटेनं जाऊ नका. गेलात, तर ओळखीच्या आवाजालाही ओ देऊ नका.