बांदा की पेडणे?

आमच्या शेजारच्या नितीनची गंमत सांगितली काय तुम्हाला? त्याला गोव्यात नोकरी लागली. घर तिकडे पेडण्याला घ्यायचं, की हद्दीच्या अलीकडे, महाराष्ट्रात बांद्याला, यावर नवरा-बायकोची आठवडाभर चर्चा. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, आईला विचारलंस काय?"

"तिला काय फरक पडतो?"

त्याची आई, मालतीमावशी, आतून आल्या त्या एसटीचं कार्ड घेऊनच. "पंचाहत्तरी झाली माझी. महाराष्ट्रभर एसटी फुकट. बांद्याला राहिलास तर मनात येईल तेव्हा, न सांगता येईन. पेडण्याला गेलास तर आधी तुला फोन करायचा, तू हद्दीवर न्यायला येणार, तेव्हा मी पोचणार."

नितीन बायकोकडे बघायला लागला.

ती म्हणाली, "बघताय काय? बांदाच घ्या. आई सांगून यायला लागल्या तर दरवेळी आदल्या दिवशी घर मला आवरावं लागेल!"